बारा नावांतलं एक

"कतुसाबे!" फोनमधून आवाज आला, आणि लगेच पुन्हा, जरा चढ्या सुरात, "कतुसाबे!" काउंटरमागे बसून ती कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होती, चिमटीतला बारीक स्क्रू सुटला आणि काचेच्या कपाटाखाली गेला. आवाज थोरल्या दिराचा, रुसोकेचा. त्यात शंकेला जागा नव्हती. घोगरा, पोटातून निघालेला, समोरच्याने उठून उभं राहूनच ऐकावा असा. पण लग्न होऊन त्या घरात पाऊल टाकल्यापासून या माणसाने तिला कधी कतुसाबे म्हटलं नव्हतं. अब्वोली म्हटलं होतं. जेवायला बोलावताना अब्वोली, रागावताना अब्वोली, तिचा नवरा बुसिंगे गेला त्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यातही, "अब्वोली, तू आधी खाली बस," असंच. आणि आज भर दुपारी, कंपालातल्या वांडेगेयाच्या चौकातल्या गोंगाटात, हे असं कोरडं, सरकारदरबारी लावायचं नाव. "हो, अमूती," ती कशीबशी म्हणाली. त्याचं मानाचं नाव घेऊन तिच्याकडून रिवाज पाळला गेला, त्याच्याकडून नाही. "रविवारी जेवायला ये. जरा लवकर ये. पाहुणा आहे एक." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. ती स्क्रू शोधायला खाली वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

तिच्या गावाकडे, टोरो मुलखात, माणसाला जन्मल्यावर दोन नावं मिळतात. एक जगासाठी, शाळेच्या आणि कोर्टाच्या कामाचं. दुसरं एम्पाको, मायेचं आणि मानाचं, ठरलेल्या बारा नावांतलं एक. सगळ्या मुलखाला मिळून बाराच. रस्त्यात अनोळखी माणूस भेटला तरी आधी विचारायचं, "तुमचं एम्पाको?" त्याने सांगायचं, मग आपण आपलं सांगायचं, आणि मग काय ती पावसापाण्याची, दुखण्याखुपण्याची बोलणी. ज्या तोंडाने एम्पाको घेतलं त्या तोंडाने शिवी देता येत नाही, असं तिची आई म्हणायची. म्हणून तर भांडणात सगळ्यात आधी जातं ते एम्पाको. बायको नवऱ्याला नुसत्या नावाने हाका मारू लागली की शेजारीपाजारी समजून घेतात आणि आपापली दारं लोटून घेतात. रुसोकेने तिचं एम्पाको टाकलं होतं. म्हणजे त्याला कळलं होतं. दुसरं काय कारण असणार? तिने पर्समधून फोन काढला. वर माथ्यावर, बॅटरीच्या खुणेशेजारी, ती बारीक चावी होती तिथेच होती. व्हीपीएन चालू असल्याची खूण. तुम्ही झाकलेले आहात, असं सांगणारी. "काय कामाची मग तू, रांडे?" ती फोनला म्हणाली, आणि समोर डोळे तपासायला आलेल्या म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

चावी बसवून दिली होती दुकानातल्याच नामुलीने. निवडणुकीच्या वेळी सरकारने जी साइट बंद केली ती पुन्हा उघडलीच नव्हती, आणि अख्खं कंपाला चावी लावून तिथेच पडीक असायचं, मंत्र्यांपासून भाजीवाल्यांपर्यंत. "हे दाबलं की तू इथे नाहीसच बघ," नामुली म्हणाली होती, "तू आम्स्टरडॅममध्ये. थंडी वाजली तर मला सांगू नकोस." फुकटचं होतं. फुकट का देतात, हा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही. फुकटचं पौष्टिक, असंच वाटलं. आणि खरोखर, चावी लावली की जाहिराती कुठल्या तरी तुळतुळीत, न कळणाऱ्या भाषेत यायच्या, सायकली आणि चीज दाखवायच्या. तिला त्याची गंमत वाटायची. क्येबांडोतल्या एका खोलीत, पत्र्याखाली उकडत बसून आपण परदेशी आहोत. कुणाची भावजय नाही, विधवा नाही, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. त्या सुखातच तिने ते पान उघडलं. नाव ठेवलं, 'टेकडी विचारते'.

टेकडी बुसिंगेच्या घराण्याची. फोर्ट पोर्टलच्या पलीकडे, खोल हिरव्या सरोवराच्या काठावर. केळीची बाग, वर म्हाताऱ्या उंबराचं झाड, आणि झाडाखाली आजे, पणजे, सासरा आणि सगळ्यात अलीकडचा बुसिंगे. सरोवर बघायला गोरे लोक येतात आणि सरोवर बघता बघता झोपायला त्यांना जागा लागते, हे रुसोकेच्या आधी कुणाला सुचलं नव्हतं. त्याने अर्धी टेकडी विकली. थडगी मानाने हलवली, असं कुळाच्या बैठकीत सांगितलं. धर्मगुरू होते, पांढरं कापड होतं, सगळं रीतसर झालं. कुठे हलवली ते मात्र पावसाळा संपल्यावर दाखवतो म्हणाला. पावसाळे आले नि गेले. मग एका शनिवारी ती कुणाला न सांगता बसने गेली. उंबर होता. त्याच्या बुंध्याला दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. त्याखाली, जिथे ती ओल्या मातीत गुडघ्यांवर बसली होती तिथे, गुळगुळीत फरशी आणि मधोमध शेकोटीचा गोल खड्डा, भोवती वेताच्या खुर्च्या, त्यांत बियर पिणारे गोरे. फरशी नवी दिसत होती. पण खाली कुणी खणलं असेल, काही काढलं असेल, अशी एक खूण तिला दिसली नाही. तिने फोटो काढले, पहारेकऱ्याने हाकललं, ती परतीच्या बसमध्ये बसली. आणि बस डोंगर उतरत असताना फोन थरथरला. चावी माथ्यावर होती. जगाच्या हिशेबी ती आम्स्टरडॅममध्ये होती. फोनने विचारलं होतं, तुम्ही नुकतीच या ठिकाणाला भेट दिलीत. पुढे त्या रिसॉर्टचं नाव. कसं वाटलं, किती तारे द्याल? तिने आधी ते नाव वाचलं. मग तिला कळलं की नवऱ्याच्या थडग्याचं आता हे नाव आहे. आणि त्याच्याही नंतर, बस गावात शिरल्यावर, प्रश्न पडला. याला कळलं कसं, मी कुठे होते?

तेव्हापासून ती त्या चावीबद्दल वाचू लागली. जितकं वाचावं तितका जीव खाली. चावी झाकते ती वाट, चालणाऱ्याला नाही. फोन खिशात आहे तोवर डोंगरावरचे मनोरे त्याला ओळखतात, कारण त्याशिवाय फोन वाजणार कसा? सिम तुमच्या ओळखपत्रावर, अंगठा लावून घेतलेलं. आकाशातल्या उपग्रहाला विचारून फोन स्वतःच आपला ठावठिकाणा काढतो आणि ज्या अ‍ॅपला तुम्ही कधी काळी 'हो' म्हटलं त्याच्या कानात सांगतो. आणि जे सगळ्यांपासून लपवायचं ते सगळं एकाला बिनबोभाट दिसतं, ज्याने चावी दिली त्याला. मांजर डोळे मिटून दूध पितं, आणि समजतं जग आंधळं झालं. हे वाचून तिला हसूही आलं होतं, कारण सासरी तिची हीच थट्टा चालायची. अब्वोली हे एम्पाको बायकांचं, आणि घरोघरच्या मांजरींचंही. "अब्वोली, दूध तू प्यालीस की दुसऱ्या अब्वोलीने?" असं रुसोके पंगतीत विचारायचा, आणि बुसिंगेसुद्धा हसायचा. मेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. ती धरून होती.

पान मात्र तिने बंद केलं नाही. बंद करण्याजोगं सुखच नव्हतं ते. तिने शेकोटीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'अमूती, शेकायला या, तुमचा भाऊ खाली जळण होऊन पडलाय.' त्याच्या नव्या गाडीचा फोटो टाकला. उरलेली अर्धी टेकडी तो कुणाला दाखवतोय ते लिहिलं. लोक तुटून पडले. परदेशात भांडी घासणारे टोरो, गावचे मास्तर, रिकामटेकडे, सगळे. आणि एक दिवस कुणीतरी, धड नाव नसलेल्या माणसाने, खाली लिहिलं, 'बाई की बुवा ते माहीत नाही, पण लिहिता झकास. तुमचं एम्पाको?' तिचा अंगठा तिच्या आधी चालला. 'अब्वोली,' तिने लिहिलं. रस्त्यात कुणी विचारलं तर तोंड जसं आपोआप उघडतं तसं. पाठवल्यावर हात भाजल्यासारखा तिने फोन खाली ठेवला. मग मनाची समजूत घातली, मुलखात लाखभर अब्वोली असतील. झाकली मूठ आहे. पण तिसऱ्याच आठवड्यात दुकानात नामुली फोन पुढे करून म्हणाली, "हे बघ गं, हे तुमच्याकडचं पान मला का दाखवतंय? 'तुमच्या ओळखीची माणसं' म्हणे. मला कुठला मेला टोरो ओळखीचा? एक तू सोडून!" आणि स्वतःच खदखदून हसली. नामुलीच्या फोनमध्ये तिचा नंबर होता. तो नंबर रुसोकेच्या फोनमध्येही होता. पान उघडताना अ‍ॅपने संपर्क मागितले होते आणि तिने, चावी आहे ना, म्हणून दिले होते.

तेव्हा आता 'कतुसाबे'. गुरुवारपासून रविवारपर्यंत ती त्या एका शब्दाभोवती फिरत राहिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण तिला स्वतःला चोर म्हणवत नव्हतं. चोर तो. तिने चोराला चोर म्हटलं, आणि घाम तिला फुटतोय, हा कुठला न्याय? राग आला की तिला बरं वाटायचं. राग गेला की लेक, केमिगिसा, दिसायची. बुसिंगे गेल्यावर कुळाने ठरवलं, मूल बापाच्या रक्ताचं, थोरल्या काकाकडे राहील. तिथून शाळा बरी, तिला स्वतंत्र खोली. आई रविवारी येऊन भेटू शकते. 'शकते' हा शब्द रुसोकेचा. पोरगी अकरा वर्षांची गेली ती आता सतरा पूर्ण करत होती आणि आईच्या वाट्याला त्यातले फक्त रविवार आले होते. ते रविवार त्या माणसाच्या फाटकाच्या कडीला टांगलेले होते. जाऊ नये, ताप आलाय असं कळवावं, असं शनिवारी ठरलं. मग वाटलं, न जाणं म्हणजे कबुली. रविवारी सकाळी तिने चावी दोनदा बंद करून पुन्हा चालू केली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

न्टिंडाच्या चढावर टॅक्सीतून उतरून ती त्या काळ्या फाटकापाशी आली तेव्हा एक तरुण माणूस तिथेच गाडीतून उतरत होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कामावरची ओळखपट्टी तशीच राहून गेलेली. पट्टीवर फोन कंपनीचं निशाण. तिने ते पाहिलं. पाहुणा तो हाच. सिम देणारे, मनोऱ्यांवरून माणसं हुडकणारे, त्यांच्यातला माणूस याने जेवायला बोलावलाय. तो मात्र दोन्ही हात पुढे करून, मान झुकवून, चांगल्या घरच्या मुलासारखा हसला. "मी मुहेन्दा. अराली. तुमचं एम्पाको?"

"अतेन्यी," ती म्हणाली.

आईचं होतं ते, मेलेल्या आईचं. कुठून जिभेवर आलं कोण जाणे. पानाखाली लिहिलेला तो शब्द या माणसासमोर तोंडातून काढायचा नाही, एवढंच तिच्या अंगाला ठाऊक होतं, आणि अंगाने परस्पर ठरवून टाकलं. "अतेन्यी," तो आदराने म्हणाला, "कशा आहात अतेन्यी, घरची मंडळी बरी?" ती बरी म्हणाली. फाटक उघडलं आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आत सगळं घर तिला अब्वोली म्हणतं. हाक मारणारी चार तोंडं, वर त्याच नावाची एखादी मांजर. परत वळून त्याला सांगावं, अहो चुकलं, मी अब्वोली? एम्पाको चुकतं कसं माणसाचं? स्वतःचं नाक कुठे आहे ते चुकतं का?

आणि दारातच रुसोके, हसत, पोट पुढे, हात पसरून. "या या या! आलीस का? त्या दिवशी फोनवर घाबरलीस की काय? अगं, नवी गाडी आहे ना, ती हाक ऐकून फोन लावते. तिला काय एम्पाको कळतंय! तुझ्या जावेने, अब्बोकीने, तुझा नंबर नुसत्या नावाने ठेवलाय, तर दोनदा ओरडलो 'कतुसाबे, कतुसाबे' म्हणून, तोवर तू उचललास. मग काय, भर रस्त्यात ट्रॅफिक पोलीस पुढे, ठेवून दिला." तो खो खो हसला. मुहेन्दाही हसला. तीही हसली. गाडीशी बोलत होता तो! तिच्याशी नाहीच. तीन दिवस तिने जो शब्द पोटात ठेवून ठेवून सडवला तो एका यंत्रासाठी होता. तिला रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त त्याचा संताप आला. या माणसाच्या हसण्याने, पोटाने, त्याच्या गाडीने तिला हे खोटं बोलायला लावलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. "मी आत मदतीला जाते," ती म्हणाली आणि कुणी हाक मारायच्या आत स्वयंपाकघरात शिरली.

तो सगळा दुपारचा वेळ तिने हाकेच्या आधी पोचण्यात काढला. कुणी मान वळवली की ही पाण्याचा जग घेऊन हजर. जाऊ, अब्बोकी, तोंड उघडणार तोच, "हो, आणते." "आज काय अंगात आलंय हिच्या?" जाऊ म्हणाली, "एरवी बोट हलवत नाही." नाचणीच्या कारोचा गोळा परातीत घोटता घोटता तिचे खांदे भरून आले. घरचं माणूस उठून पाहुण्याच्या ताटात काय वाढतं, कोण कुणाकडे बघतं, सगळं तिला भिंतीपलीकडून दिसत होतं. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून ती इतका जीव काढत होती की सगळ्यांच्या नजरेत येत होती, आणि हे तिला कळतही होतं. केमिगिसा ओट्याला टेकून फोनवर बोटं चालवत उभी होती. उंच झाली होती. मान बापासारखी, जरा डावीकडे. "काका त्या माणसाला ते पान दाखवणार आहेत," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"कुठलं पान?"

"तुला कुठून माहीत असणार? टेकडीचं. कुणी सटवी आहे. बाबांच्या कबरीवर गोरे बियर पितायत असा फोटो टाकलाय तिने. वर्गातल्या पोरी मला दाखवतात, आई. डबा खाताना. 'हे तुझेच पप्पा ना गं खाली?' म्हणून." तिने फोन उलटा ठेवला. "कोण आहे ते कळलं ना, तर मी तिच्या तोंडावर थुंकेन."

"काकांवर नाही?" तिच्या तोंडून गेलं.

"काकांनी काय केलंय? त्यांनी हलवलं सगळं. त्यांनी मला सांगितलंय." पोरीने आईकडे असं पाहिलं, जसं दुकानात कुणी चुकीचा चष्मा देणाऱ्याकडे पाहतं. "आणि समज नसेल हलवलं. तरी ते जगाला कशाला दाखवायचं? मला सांगायचं होतं. आधी मला."

जगाला सांगताना तिला चावी होती; लेकीला सांगायला नुसतं तोंड लागलं असतं.

बाहेर जेवण सुरू झालं होतं. सोललेल्या घेवड्याचं फिरिंडा, वर तूप, टोपलीत कारो. ती फिरिंड्याचं भांडं घेऊन भिंतीशी उभी राहिली, कुणी न बोलावता वाढता यावं म्हणून. रुसोकेने बोटांत कारोचा तुकडा चेपून त्याला खळगा पाडला आणि मुद्द्याला हात घातला. "तर अराली, सांग बाबा. तुझी कंपनी, तुझे मनोरे, तुझं सगळं. हे पान लिहितं कोण?"

मुहेन्दा अवघडला. "अमूती, खरं सांगू? ते माझं कामही नाही आणि मला तसं बघताही येत नाही. त्याला कोर्टाचा कागद लागतो. आणि तो असला तरी, लिहिणारा चावी लावून बसतो. आम्हाला दिसतं ते एवढंच की अमुक फोन बोगद्यात शिरला. बोगदा उघडतो तिकडे हॉलंडात. अशा लाखो चाव्या आहेत गावात. तुमचीही असेल."

"माझी तर आहेच," रुसोके म्हणाला, आणि हशा झाला.

"म्हणजे चावी पक्की?" केमिगिसाने विचारलं. ती दारात येऊन उभी होती.

"रस्त्यापुरती. बाकी फोन म्हणजे काय, पोटात काही न राहणारी मोलकरीण. कुठे गेलात ते सांगते, कुणाचे नंबर आहेत ते सांगते. पण ते सगळं त्या साइटवाल्यांना, परदेशात. इथे तुम्हाआम्हाला नाही कळत." तो तुपात बोट बुडवून म्हणाला, "लिहिणारा निर्धास्त आहे, अमूती. सोडून द्या. एकच धागा आहे, पण तोही बिनकामाचा. खाली कुणीतरी एम्पाको विचारलं, तर सांगितलं तिने. अब्वोली."

भिंतीशी तिने भांड्याचे कान घट्ट धरले. ऐकून तिला एकदम हलकं वाटलं होतं, आणि त्याच क्षणी या शब्दावरून आता हाक आपल्याकडे येणार हेही दिसलं होतं.

"अब्वोली!" रुसोकेने मांडीवर थाप मारली. "लाखभर अब्वोली! एक तर आमच्याच घरात आहे, तिला धर!" आणि मागे वळून, तोंडात घास असताना, हसत, जवळजवळ मायेने, "काय गं अब्वोली, तू लिहितेस का? हिला, अराली, फोनची बॅटरी लावता येत नाही. आमची मांजर ही. वाढ गं, अब्वोली, पाहुण्याला फिरिंडा वाढ."

मुहेन्दाने हसतच मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर वाईट असं काहीच नव्हतं, फक्त जरा गोंधळ. "पण तुम्ही तर अतेन्यी म्हणालात."

अब्बोकीने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. रुसोकेच्या बोटांतला घास खळगा पडलेला तसाच राहिला. त्याला पान वगैरे अजून सुचलंही नव्हतं, हे तिला स्पष्ट दिसलं. त्याला फक्त धक्का बसला होता, निखळ, एखाद्या लहान मुलाला बसावा तसा. "एम्पाको खोटं सांगितलंस?" तो म्हणाला. "या पोराला? माझ्या दारात?" ती म्हणाली, चुकून. "चुकून?" आणि मग हळूहळू, एकेक करून, त्याच्या कपाळावरच्या आठ्या जागच्या जागी बसत गेल्या. खरं सांगितलं असतं तर ती लाखातली एक होती. आता एकटीच होती. अख्ख्या मुलखात आपल्या अब्वोलीला घाबरणारी एकच अब्वोली.

"माणसं जमिनीवरून खोटं बोलतात," रुसोके अगदी शांतपणे म्हणाला, "मेलेल्यांवरूनही बोलतात. पोट असतं, बोलावं लागतं. पण एम्पाकोवरून कोण बोलतं गं?"

'तू मेलेल्यांवरून बोललास, हे तूच म्हणालास आत्ता, ऐकलं का सगळ्यांनी?' हे तिच्या ओठांवर आलं. आलं आणि राहिलं. ऐकलं असतं कुणी तर केमिगिसाने. पण केमिगिसा काकांकडे बघत नव्हती. ती आईच्या कमरेला लटकलेल्या पर्सकडे बघत होती, जिच्या आत फोन होता आणि फोनच्या माथ्यावर, अजूनही, चावी. मुहेन्दा ताटावरून उठू पाहत होता, माफी मागत होता, कशाची ते त्याला कळत नव्हतं.

"कतुसाबे," रुसोके म्हणाला. या वेळी मधे गाडी नव्हती. "ते भांडं खाली ठेव. घरी जा. आणि रविवार आता विसर."

तिने भांडं ठेवलं. हात धुवायचे राहिले. अंगणातून फाटकापर्यंत जाताना मागे पावलं वाजली तेव्हा ती थांबली नाही, कारण थांबून ती पावलं दुसऱ्या कुणाची निघाली असती तर तिला ते सोसलं नसतं. पण फाटकाची कडी वरच्या बाजूला होती आणि तिला ती निघेना, तोच एक लांब हात पुढे येऊन त्याने कडी काढली. केमिगिसा. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. थुंकलीही नाही. ती फाटकाच्या आत उभी राहिली, आई बाहेर, आणि दोघींच्या मधे जेमतेम माणूस जाईल एवढी फट. काहीतरी बोलावं म्हणून तिने लेकीचं एम्पाको घ्यायला तोंड उघडलं, तर पोरीने हात वर केला. मग तिने मान झुकवली, दोन्ही हात पुढे धरले, जसं एखाद्या परक्या, वयाने मोठ्या बाईसमोर चांगल्या घरच्या मुलीने धरावेत तसे.

"तुमचं एम्पाको?" केमिगिसाने विचारलं.

मागे घरात ताटं उचलल्याचा आवाज येत होता. चढावरून एक टॅक्सी ओरडत गेली.

"अब्वोली," ती म्हणाली. मग रिवाजाप्रमाणे समोरून नाव येण्याची वाट पाहत ती तिथेच उभी राहिली, आणि आतून कडी लागली तरी उभीच होती.